टूलबारमधले शीर्षक नेमके मध्यभागी कसे ठेवावे?

पानगळ (धागाकर्ता)

नमस्कार. एका नागरी सहकारी पतसंस्थेच्या सभासदांसाठी आम्ही अँड्रॉइड ॲप तयार करत आहोत. ॲप पूर्णपणे मराठीत आहे आणि जुन्या पद्धतीने, म्हणजे एक्सएमएल लेआउट वापरून, लिहिलेले आहे. प्रत्येक स्क्रीनच्या टूलबारमध्ये (वरच्या पट्टीत) डावीकडे मागे जाण्याचा बाण, उजवीकडे गरजेप्रमाणे शोध आणि सूचना यांचे आयकॉन आणि मध्ये त्या स्क्रीनचे शीर्षक अशी रचना आहे. शीर्षक मध्यभागीच असावे असा संस्थेचा आग्रह आहे, कारण त्यांच्या पासबुकापासून पावतीपुस्तकापर्यंत सगळीकडे मथळा मध्यभागी छापलेला असतो आणि सभासदांची नजर त्याला सरावलेली आहे.

अडचण अशी की, ज्या स्क्रीनवर उजवीकडे दोन आयकॉन आहेत तेथे शीर्षक किंचित डावीकडे दिसते आणि जेथे एकही आयकॉन नाही तेथे ते चांगलेच उजवीकडे जाते. एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर जाताना शीर्षक इकडून तिकडे उडी मारल्यासारखे वाटते. टूलबारच्या आत पूर्ण रुंदीचा लिनियर लेआउट, त्यात पूर्ण रुंदीचा टेक्स्टव्ह्यू (मजकूर दाखवणारा घटक) आणि त्याला ग्रॅव्हिटी सेंटर अशी सध्याची मांडणी आहे. उजवीकडे ठरावीक मार्जिन देऊन एक स्क्रीन जमवता येते, पण मग दुसरी बिघडते. ठिकठिकाणी ‘टूलबारचे कंटेंट इनसेट (मजकुराआधी कडेला सोडलेली जागा) शून्य करा’ असा सल्ला वाचायला मिळाला, परंतु त्याने दोन आयकॉन असलेल्या स्क्रीनवर शीर्षक आणखीच डावीकडे गेले. योग्य मार्ग कोणता, आणि ‘मुदत ठेव नूतनीकरण अर्ज’ अशा लांब शीर्षकांचे काय करावे, यावर जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तिरपी रेघ

आपले शीर्षक मध्यभागीच आहे, मात्र ते मध्य उरलेल्या जागेचे आहे. टूलबार हा स्वतःच एक व्ह्यूग्रुप (इतर घटकांना आत मांडणारा घटक) असल्यामुळे तो आधी बाण आणि मेनू यांची मापे घेतो आणि त्यांतून जी रुंदी शिल्लक राहते तेवढीच आपल्या लिनियर लेआउटच्या वाट्याला येते. ‘पूर्ण रुंदी’ असे आपण लिहिले असले तरी ती त्या शिलकीची पूर्ण रुंदी असते, आणि टेक्स्टव्ह्यू आपला मजकूर तिच्याच मध्यावर ठेवतो.

आकडे घालून पाहू. स्क्रीन ३६० डीपी (अँड्रॉइडचे स्क्रीनवरील मापाचे एकक) रुंद धरली तर तिचे मध्य १८० वर येते. उजवीकडचे दोन आयकॉन प्रत्येकी ४८ डीपी, म्हणजे मेनू २६४ पासून सुरू होतो. डावीकडचा बाण ५६ डीपी घेतो, पण ॲपकॉम्पॅट या अँड्रॉइडच्या लायब्ररीच्या मूळ स्टाइलमध्ये बाण असताना मजकूर ७२ डीपीपासून सुरू व्हावा असे कंटेंट इनसेट ठरवलेले असते. म्हणून आपल्या लेआउटला ७२ ते २६४ एवढी जागा मिळते आणि तिचे मध्य १६८ वर, म्हणजे खऱ्या मध्यापासून १२ डीपी डावीकडे पडते. इनसेट शून्य केल्यावर जागा ५६ ते २६४ होते, मध्य १६० वर येते आणि चूक १२ वरून २० डीपीवर जाते. त्या सल्ल्याने गोष्ट बिघडली ती यामुळे. एकही आयकॉन नसलेल्या स्क्रीनवर जागा ७२ ते ३६० अशी मिळून मध्य २१६ वर जाते, म्हणून तेथे उजवीकडचा झुकाव डोळ्यांत भरतो.

उपाय सोपा आहे. मधला लिनियर लेआउट काढून टाकावा, टेक्स्टव्ह्यू थेट टूलबारचे अपत्य करावा, त्याची रुंदी रॅप कंटेंट (मजकुराएवढीच) ठेवावी आणि त्याला ग्रॅव्हिटी न देता लेआउट ग्रॅव्हिटी सेंटर द्यावी. ग्रॅव्हिटी मजकुराला त्याच्या स्वतःच्या चौकटीत हलवते, तर लेआउट ग्रॅव्हिटी त्या चौकटीला टूलबारमध्ये कुठे बसवायचे ते सांगते. टूलबारच्या मांडणीच्या कोडमध्ये अशा मध्यभागी ठेवायच्या व्ह्यूंसाठी वेगळी वाट आहे. त्यांचे मध्य संपूर्ण पट्टीच्या रुंदीवरून, फक्त दोन्हीकडचे पॅडिंग वजा करून, काढले जाते. तेथे कंटेंट इनसेटचा संबंध शीर्षक कडेला भिडले तरच येतो.

एक काळजी घ्यावी. सेट सपोर्ट ॲक्शनबार वापरत असाल तर ॲक्टिव्हिटीचे मूळ शीर्षकही टूलबारमध्ये उमटते, डावीकडची जागा अडवते आणि आपल्या टेक्स्टव्ह्यूला ढकलते. ते दाखवणे बंद करायला विसरू नये.

उंबरठा

वरील स्पष्टीकरणाशी सहमत आहे, परंतु आज नव्याने करत असाल तर स्वतंत्र टेक्स्टव्ह्यू ठेवण्याची गरज नाही असे माझे मत आहे. गूगलच्या मटेरियल कंपोनंट्स या लायब्ररीतल्या मटेरियल टूलबारला ‘टायटल सेंटर्ड’ आणि ‘सबटायटल सेंटर्ड’ हे दोन गुणधर्म आहेत. पहिला ट्रू केला की टूलबारचे नेहमीचे शीर्षकच मध्यभागी येते. फायदा असा की सेट टायटल पूर्वीप्रमाणे चालते आणि नॅव्हिगेशन कंपोनंटने बदललेले शीर्षकही आपोआप योग्य जागी बसते. स्वतःचा टेक्स्टव्ह्यू ठेवला तर प्रत्येक ठिकाणी त्याला हाताने मजकूर पुरवावा लागतो आणि एखादी स्क्रीन हमखास राहून जाते.

दोन्हींच्या वागण्यात एक फरक आहे आणि तो लांब शीर्षकांच्या वेळी कळतो. साध्या टूलबारमधला मध्यभागी ठेवलेला व्ह्यू आयकॉनला भिडला की बाजूला सरकतो, पण आपली रुंदी सोडत नाही. मटेरियल टूलबार मात्र जेवढी अडचण एका बाजूला होते तेवढीच जागा दोन्ही बाजूंनी कापतो, म्हणजे शीर्षक मध्यभागीच राहते आणि शेवटी तीन टिंबे येतात. पहिल्याला अक्षरे प्रिय आहेत, दुसऱ्याला मध्य. आपल्याला काय हवे ते आधी ठरवावे.

टॉकबॅक (स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) वापरणाऱ्या सभासदांचाही विचार व्हावा. स्वतंत्र टेक्स्टव्ह्यूच ठेवायचा ठरला, तर त्याला ॲक्सेसिबिलिटी हेडिंग द्यावे (अँड्रॉइड ९ पासून ते उपलब्ध आहे) आणि ॲक्टिव्हिटीचे शीर्षकही भरलेले असू द्यावे, कारण स्क्रीन उघडताना टॉकबॅक तेच वाचतो. दिसायला ते बंद केले म्हणून रिकामे ठेवणे बरोबर नाही.

पानगळ (धागाकर्ता)

दोघांचेही आभार. टायटल सेंटर्ड लावून पाहिले आणि ‘खातेउतारा’, ‘माझी कर्जे’, ‘सूचना’ ही सगळी शीर्षके आता एकाच रेषेवर आहेत. डेव्हलपर पर्यायांमधून लेआउटच्या सीमा दाखवून खात्री करून घेतली.

आता लांब शीर्षकांचा प्रश्न उरतो. ‘मुदत ठेव नूतनीकरण अर्ज’ आणि ‘मुदत ठेव मुदतपूर्व बंद’ या दोन्ही स्क्रीनवर फक्त ‘मुदत ठेव…’ आणि पुढचे एखादे अक्षर दिसते. एक सभासद ठेव पुढे चालू ठेवायला गेला आणि दुसरा मोडायला गेला, तरी दोघांनाही वर एकसारखेच शीर्षक दिसेल. पैशांच्या व्यवहारात हे चालणार नाही.

तिरपी रेघ

या ठिकाणी मराठीची वाक्यरचनाच आडवी येते. आपल्याकडे विषय आधी आणि क्रिया शेवटी येते, त्यामुळे शेवटून कापले की नेमका फरक सांगणारा शब्दच जातो. सुरुवातीकडून किंवा मधून कापण्याचीही सोय टेक्स्टव्ह्यूमध्ये आहे, पण ‘…नूतनीकरण अर्ज’ असे शीर्षक वाचताना माणूस अडखळतो.

पुन्हा आकड्यांकडे येतो. दोन आयकॉन असताना उजवीकडची मोकळी सीमा मध्यापासून ८४ डीपीवर आहे, म्हणून मध्य न सोडता शीर्षकाला जास्तीत जास्त १६८ डीपी मिळतात. सरकू दिले तर ७२ ते २६४ अशी १९२ डीपी मिळतात. म्हणजे मध्यावरचा हट्ट सोडूनही जेमतेम २४ डीपी पदरात पडतात, तेवढ्यात एखाद-दोन अक्षरेच बसतील. उलट एक आयकॉन काढून टाकला तर उजवी सीमा ३१२ वर जाते आणि आता डावी बाजू आड येते. मटेरियल टूलबारच्या हिशेबाने बाणाची कड ५६ वर आहे, म्हणून मध्यापासून १२४ डीपी, म्हणजे शीर्षकाला २४८ डीपीपर्यंत जागा निघते. लांब शीर्षकाचे उत्तर बहुतेक वेळा आयकॉनच्या संख्येत असते.

अर्ज भरण्याच्या स्क्रीनवर शोध आणि सूचना यांचे काम तरी काय? तेथे सभासदाने अर्ज भरावा, बाकी काही करू नये, हीच आपली अपेक्षा असते. दोन्ही आयकॉन काढावेत. त्यानंतरही बसत नसेल तर टूलबारमध्ये ‘नूतनीकरण’ आणि ‘ठेव बंद करणे’ एवढेच ठेवून पूर्ण नाव खाली अर्जाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत द्यावे, तेथे दोन ओळी झाल्या तरी बिघडत नाही.

चंद्रकोर

मला थोडे वेगळे मांडायचे आहे. अँड्रॉइडवर शीर्षक डाव्या बाजूला ठेवण्याची प्रथा पहिल्यापासून आहे आणि ती उगाच पडलेली नाही. डावीकडून सुरू होणारे शीर्षक उजवीकडे किती आयकॉन आहेत यावर अवलंबून नसते, त्याची सुरुवात प्रत्येक स्क्रीनवर एकाच बिंदूवर असते आणि त्याला कापण्याआधी सगळी शिल्लक रुंदी मिळते. मध्यभागी शीर्षक ही मुख्यतः आयफोनची रीत. पासबुकाच्या मथळ्याच्या दोन्ही बाजूंना आयकॉन नसतात, म्हणून कागदावर जे सहज जमते ते येथे ओढूनताणून जमवावे लागते. मुख्य स्क्रीनवर संस्थेचे नाव किंवा बोधचिन्ह मध्यभागी ठेवावे आणि आतल्या स्क्रीनवर शीर्षके डावीकडे घ्यावीत, असा प्रस्ताव संस्थेपुढे एकदा ठेवून पाहावा.

उंबरठा

चंद्रकोर, तत्त्वतः मान्य. पण मटेरियलच्या आताच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्येही मध्यभागी शीर्षक असलेल्या पट्टीला स्थान आहे, आणि जेटपॅक कंपोजमध्ये (एक्सएमएलविना स्क्रीन लिहिण्याच्या नव्या पद्धतीत) त्यासाठी सेंटर अलाइन्ड टॉप ॲपबार नावाचा वेगळा घटकच दिलेला आहे. त्यामुळे ही मागणी अँड्रॉइडच्या रीतीविरुद्ध आहे असे आता म्हणता येत नाही. (कंपोजमधला हा घटक लांब शीर्षकाला साध्या टूलबारप्रमाणे बाजूला सरकवतो, मटेरियल टूलबारप्रमाणे दोन्हीकडून कापत नाही. पुढेमागे कंपोजकडे वळलात तर दचकू नये म्हणून सांगून ठेवतो.)

रातकिडा

आमचे ॲप फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी ॲप बनवण्याच्या साधनात) आहे आणि तेथेही धागाकर्त्यांचीच अडचण वेगळ्या वेषात भेटते. ॲपबारला सेंटर टायटल हा गुणधर्म आहे. तो दिला नाही तर अँड्रॉइडवर शीर्षक डावीकडे येते आणि आयफोनवर मध्यभागी, तेही उजवीकडचे ॲक्शन दोनपेक्षा कमी असतील तरच. त्यामुळे आयफोनवर दुसरा आयकॉन जोडला की शीर्षक अचानक डावीकडे पळते आणि कोडमध्ये कोणी काही हलवलेले नसते. म्हणून ट्रू किंवा फॉल्स काय हवे ते थीममध्येच स्पष्ट लिहून टाकावे.

दुसरी गोष्ट म्हणजे शीर्षकाच्या जागी बोधचिन्ह आणि नाव शेजारीशेजारी ठेवण्यासाठी बरेच जण रो (घटक आडव्या ओळीत मांडणारा घटक) वापरतात आणि तिला मध्यभागी मांडणीचा पर्याय देतात. रो मिळेल तेवढी सगळी रुंदी व्यापते, म्हणून पुन्हा उरलेल्या जागेचे मध्य पदरी पडते. रोचा मेन ॲक्सिस साइझ मिनिमम ठेवला की ती आपल्या मजकुराएवढी आक्रसते आणि मग ॲपबार तिला खऱ्या मध्यावर बसवू शकतो. तिरपी रेघ यांनी सांगितलेला रॅप कंटेंटचा नियम तो हाच.

देवळाली प्रवरा

आयफोनच्या बाजूने थोडी भर. नॅव्हिगेशन बारचे शीर्षक किंवा टायटल व्ह्यू मध्यभागी राहण्याचा प्रयत्न करतो, पण मागे जाण्याच्या बटणावर आधीच्या स्क्रीनचे लांबलचक मराठी नाव आले की त्याच्यावर दाब येतो. आयओएस १४ पासून बॅक बटणाची डिस्प्ले मोड मिनिमल ठेवता येते, मग नुसता बाण राहतो आणि शीर्षकाला श्वास घ्यायला जागा मिळते. स्विफ्टयूआयमध्ये टूलबारच्या घटकाला प्रिन्सिपल ही जागा दिली की हेच काम होते.

स्क्रीनच्या तळाशी असणाऱ्या टूलबारबाबत मात्र सावध राहावे. तेथे मधल्या बटणाच्या दोन्ही बाजूंना फ्लेक्सिबल स्पेस टाकण्याची पद्धत आहे. दोन्ही स्पेस सारख्याच फुगतात हे खरे, परंतु डावीकडच्या बटणावर ‘रद्द करा’ आणि उजवीकडे ‘पुढे’ असे असमान रुंदीचे शब्द असतील तर मधले बटण त्या फरकाच्या निम्म्याने सरकते. दोन्ही कडेच्या बटणांना सारखी रुंदी देणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

पानगळ (धागाकर्ता)

चर्चेतून बरेच हाती लागले. चंद्रकोर यांचा प्रस्ताव बैठकीत मांडला होता, संस्थेने मध्यभागीच ठेवायचे असे पुन्हा सांगितले. अर्जांच्या स्क्रीनवरचे आयकॉन काढायला मात्र त्यांनी आनंदाने होकार दिला.

तपासणीत दोन नव्या गोष्टी निघाल्या आहेत. फोन आडवा धरल्यावर, कॅमेऱ्याची खाच डावीकडे असेल तर शीर्षक उजवीकडे सरकते. आणि ‘उद्दिष्टपूर्ती ठेव’ या शीर्षकातला रफार वरून कापला जातो. दुसऱ्या गोष्टीचा संबंध उभ्या मध्याशी असावा.

तिरपी रेघ

खाचेचे आधी पाहू. खाचेसाठी मिळालेले इनसेट आपण टूलबारला डावे पॅडिंग म्हणून देत असाल. मध्य काढताना पॅडिंग वजा होते हे वर आलेच आहे, त्यामुळे साध्या टूलबारमध्ये ३२ डीपी पॅडिंग दिले तर मध्य १६ डीपीने उजवीकडे जाते. मटेरियल टूलबार आपल्या संपूर्ण रुंदीचे मध्य धरतो, पण पॅडिंग टूलबारऐवजी त्याच्या बाहेरच्या ॲपबार लेआउटला दिले असेल तर त्याची रुंदीच एका बाजूने कमी होते आणि परिणाम तोच होतो. हे चूक आहे की बरोबर, ते खालच्या मजकुरावर अवलंबून आहे. खालची यादीही त्याच इनसेटने आत ढकललेली असेल तर शीर्षक यादीच्या मध्यावर येते आणि डोळ्यांना तेच योग्य वाटते. अशा वेळी मी हात लावणार नाही. यादी कडेपर्यंत जात असेल तर दोन्ही बाजूंना त्यांतले मोठे इनसेट सारखेच द्यावे, म्हणजे मध्य स्क्रीनच्या मध्याशी जुळते. अँड्रॉइड १५ ला लक्ष्य केलेली ॲप त्या आवृत्तीच्या फोनवर एज टू एज (स्क्रीनच्या कडांपर्यंत पसरून) चालतात, त्यामुळे हा हिशेब टाळता येण्यासारखा राहिलेला नाही.

उंबरठा

रफाराचे कारण बहुधा इन्क्लूड फॉण्ट पॅडिंग हा गुणधर्म फॉल्स केलेला असणे हे आहे. रोमन मजकूर उभ्या दिशेने नेमका मध्यभागी दिसावा म्हणून डिझाइनवाले ते सर्रास बंद करायला सांगतात, कारण त्या पॅडिंगचे वरचे आणि खालचे माप सारखे नसते. मराठीत मात्र शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकावर एक येतात आणि खाली उकार व जोडाक्षरे लोंबतात, म्हणून ती मोकळी जागा आपल्याला लागतेच. पॅडिंग चालू ठेवावे आणि टूलबारला पक्की उंची न देता किमान उंची द्यावी. ५६ डीपीची पक्की उंची आणि त्यात दोन ओळी, किंवा अक्षरांचा आकार वाढवलेला फोन, असे झाले की वरची चिन्हे कापली जाणारच. अँड्रॉइड १४ पासून अक्षरे दोनशे टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात आणि पतसंस्थेच्या ज्येष्ठ सभासदांपैकी अनेकांनी ती केलेली असतात.

अवांतर: चाचणीसाठी ‘सेटिंग’ किंवा ‘होम’ असे शब्द घेऊ नयेत. ‘उद्दिष्टपूर्ती’ हाच शब्द उत्तम आहे, त्यात वर वेलांटीसह रफार आणि खाली द्द व दीर्घ उकार असे दोन्ही टोकांचे काम एका शब्दात होते.

रातकिडा

शोधाचा आयकॉन दाबल्यावर टूलबारमध्येच शोधपेटी उघडत असेल तर तेही पाहून घ्यावे. आमच्या एका जुन्या अँड्रॉइड ॲपमध्ये पेटी आणि शीर्षक दोन्ही एकाच वेळी दिसत आणि शीर्षक चेपले जात असे.

तिरपी रेघ

मेनूच्या त्या घटकाला कोलॅप्स ॲक्शन व्ह्यू हा पर्याय दिलेला नसला की तसे होते. पर्याय दिला तर पेटी उघडताना टूलबार शीर्षकासह आपली बाकीची अपत्ये तात्पुरती बाजूला काढतो आणि पेटी मिटली की ती परत जागेवर ठेवतो. स्वतंत्र टेक्स्टव्ह्यू असला तरी तोही यात येतो, त्यासाठी वेगळा कोड लिहावा लागत नाही.

पानगळ (धागाकर्ता)

तो पर्याय खरोखरच राहिला होता, आता दिला आहे. टूलबारची पक्की उंची काढून किमान उंची दिल्यावर रफारही पूर्ण दिसतो. शेवटची शंका विचारतो. मदतीची पाने आम्ही ॲपमध्येच वेबव्ह्यूमधून दाखवतो आणि त्यांची वरची पट्टी एचटीएमएलमध्ये आहे. ती ॲपच्या टूलबारशी जुळती कशी करावी?

देवळाली प्रवरा

फ्लेक्स आणि स्पेस बिटवीन वापरले असेल तर ते काढावे. त्यात घटकांमधले अंतर समान होते, मधला घटक मध्यावर येत नाही. त्याऐवजी ग्रिड घेऊन तीन रकाने करावेत, पहिला आणि तिसरा १ एफआर (उरलेल्या जागेचा एक वाटा) आणि मधला ऑटो (मजकुराएवढा). उजवीकडचे आयकॉन त्यांच्या रकान्यात शेवटाकडे टेकवावेत आणि शीर्षकाला ओव्हरफ्लो हिडन, एका ओळीत ठेवण्याची सूचना आणि एलिप्सिस द्यावे. अशी पट्टी जागा आहे तोवर शीर्षक खऱ्या मध्यावर ठेवते आणि आयकॉनला भिडल्यावर ते बाजूला सरकू देते, म्हणजे तिचे वागणे साध्या टूलबारसारखे असते. मटेरियल टूलबारशी तंतोतंत जुळवायचे असेल तर दोन्ही कडेच्या रकान्यांना रुंद बाजूएवढे सारखे पक्के माप द्यावे आणि मधल्याला १ एफआर करून त्यातला मजकूर मध्यभागी घ्यावा. मदतीच्या पानांवर आयकॉन बहुधा एकच असेल, त्यामुळे मी दुसरा मार्ग घेईन.